डायपर आधी, जहाज नंतर

या महिन्याच्या टपालात क्रूझविषयी चार पत्रं आली आणि चारही घरांत कुणी ना कुणी अगदी लहान आहे. म्हणून बाकीच्या वाचकांना पुढच्या अंकापर्यंत थांबायला लावते. नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते : मी सत्तावीस वर्षं नौपाड्यात सहलींची छोटी कचेरी चालवली. गटांबरोबर जहाजांवर गेले आणि आजी झाल्यावर नातीबरोबरही गेले. चाळीस माणसांच्या गटाबरोबर जे कधी दिसलं नव्हतं, ते दहा किलोंच्या एका नातीबरोबर गेल्यावर दिसलं. खालची बरीचशी उत्तरं तिनेच शिकवलेली आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी वीस महिन्यांची. दिवाळीच्या सुट्टीत क्रूझला जायचं घाटतंय, तेव्हा मुलगी बावीस महिन्यांची असेल. नवऱ्याचा कल मुंबई-गोव्याकडे, माझा सिंगापूरकडे. सासूबाईही येणार आहेत. एजंट म्हणतो, ‘बेबी फ्री आहे, पाचही जण एकाच रूममध्ये अ‍ॅडजस्ट होतील, आणि जहाज जितकं मोठं तितकी मुलांची मजा.’ घसरगुंड्यांचे व्हिडिओ दाखवून त्याने मुलाला आधीच फितवलंय. नक्की काय बघून जहाज ठरवू? — दोन लेकरांची आई, ठाणे पश्चिम

उत्तर : आधी एजंटचं बोलणं निकालात काढू. ‘बेबी फ्री’ म्हणजे फार तर तिचं भाडं माफ. बंदराचे आकार आणि कर तिच्या नावावर लागतातच. आणि पाच जण एका खोलीत, ही आपली लग्नघरातली सवय झाली. जहाजावर तुमची लेक म्हणजे एक अख्खं माणूस. खोलीत किती जण घालायचे याचा हिशेब शेवटी जीवरक्षक होड्यांमधल्या जागांशी जाऊन भिडतो आणि तिथे कुणी कुणाच्या मांडीवर मोजलं जात नाही. नेहमीच्या खोलीत जास्तीत जास्त चार. पाच जणांच्या खोल्या असतात, पण मोजक्या आणि महागड्या. तेव्हा दोन खोल्या धरून चाला आणि मागताना ‘आतून दार असलेल्या’ असं स्पष्ट बोला. ‘शेजारी-शेजारी’ म्हटलंत तर शेजारीच मिळतात, आणि मग रात्री दोन वाजता दुधाची बाटली शोधायला गाऊनवर बाहेरच्या बोळातून सासूबाईंचं दार वाजवावं लागतं. मुलगा आजीच्या खोलीत, मुलगी तुमच्या, मधलं दार उघडं. हे जमलं तर सहल निम्मी जमली.

आता मोठ्या जहाजाची मजा. घसरगुंडीपाशी उंचीची पट्टी रंगवलेली असते. मूल तिच्याखाली भरलं की तिथूनच परत. साडेचार वर्षांचा मुलगा काठावर आहे, मुलीचा प्रश्नच नाही. एजंटने दाखवलेला व्हिडिओ पुन्हा एकदा नीट बघा, त्यातली मुलं आठ-दहा वर्षांची असतील.

माझं मत विचाराल तर मूल डायपरमध्ये आहे की बाहेर, एवढ्यावरच अर्धं जहाज ठरतं. डायपरमधल्या मुलाला जहाजावरच्या पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत. पोहण्याचा खास डायपर घातला तरीही नाही. अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या जहाजांची तिथलं आरोग्य खातं तपासणी करतं, त्यांचा हा दंडक आहे, आणि मोठ्या कंपन्या तो बाकीच्या समुद्रांतही पाळतात. कारण योग्यच आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा एक परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभर तग धरतो. एका पोराची एक चूक आणि अख्ख्या जहाजाचं पोट बिघडतं.

हे सगळं मला कागदावर ठाऊक होतं. तरी नातीसाठी मी राम मारुती रोडवरून अननसाची चित्रं असलेला पोहण्याचा पोशाख, तसलीच टोपी आणि पोहण्याच्या डायपरचं पाकीट घेतलंच. आजीपणाला अक्कल नसते. पहिल्या दुपारी तिला काठावर उभं केलं. तिने एक पाय पाण्यात घातला, पाणी कोमट आहे हे तिला समजलं, आणि तेवढ्यात लाल टी-शर्टातला एक पोरगा धावत आला. हात जोडून म्हणाला, ‘मॅडम, बेबी इन डायपर, नो पूल.’ नातीला इंग्रजी येत नव्हतं, पण ‘नो’ कळत होतं. तिने जो सूर लावला तो लिफ्टमधून आमच्या खोलीपर्यंत आणि पुढे चहापर्यंत टिकला. शेवटी तिला तो पोशाख घालूनच खोलीतल्या न्हाणीत बसवलं आणि घरून आणलेल्या तांब्याने डोक्यावर पाणी घातलं. तांब्या मी दात घासायला, गुळण्या करायला म्हणून नेला होता. जहाजाच्या न्हाणीघरात बादली नसते. वरून धार सोडणारं यंत्र असतं आणि अंगाला चिकटणारा पडदा असतो, आणि त्या पडद्याला लहान मुलं भितात. पुढचे तीन दिवस आमची पोर त्या तांब्यावरच खूश होती. तुम्हीही एक हलकासा तांब्या किंवा प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. एजंटच्या यादीत तो सापडणार नाही.

काही जहाजांवर मात्र डायपरमधल्या मुलांसाठी वेगळी कारंज्यांची, उथळ पाण्याची जागा असते. डिस्नेच्या जहाजांवर असते, रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवर असते, काहींवर नसते. म्हणून प्रश्न कंपनीचं नाव घेऊन विचारू नका, जहाजाचं नाव घेऊन विचारा. एकाच कंपनीच्या दोन जहाजांत, आमच्या गावदेवी मैदानात आणि शिवाजी पार्कात असावा, एवढा फरक असू शकतो. उत्तर ईमेलवर मागून घ्या. फोनवरचं ‘हो हो, असतं मॅडम’ धक्क्यावर उपयोगाला येत नाही.

दुसरी डायपरची गोष्ट म्हणजे मुलांचा क्लब. जाहिरातीत जो रंगीबेरंगी क्लब दिसतो, तो बहुतेक मोठ्या कंपन्यांत तीन वर्षं पूर्ण झालेल्या आणि स्वतः शी-शू सांगणाऱ्या मुलांसाठी असतो. दोन्ही अटी हव्यात. तीन वर्षांचं पण डायपरमधलं मूल अधांतरी लटकतं. तुमच्या मुलाचं जमेल. मुलीसाठी पाळणाघर लागेल. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचं पाळणाघर डिस्नेच्या जहाजांवर असतं, तासावर पैसे घेतात. रॉयल कॅरिबियनच्याही बऱ्याच जहाजांवर असतं, सगळ्यांवर नाही. जागा थोड्या असतात, त्या आगाऊ राखून ठेवाव्या लागतात. बाकी जहाजांवर खेळणी मांडलेली खोली असते, तिथे मूल खेळतं आणि आईबाप मांडी घालून बसतात. तेही वाईट नाही, पण मग ‘आम्ही दोघं निवांत जेवलो’ हे चित्र मनातून काढून टाका. सासूबाई आहेत म्हणून म्हणत असाल तर त्यांनाही एकदा विचारा. त्या सहलीला येतायत की ड्युटीला, हे घरीच ठरलेलं बरं.

आता गोवा की सिंगापूर. मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० सालचं. आधी ते रॉयल कॅरिबियनकडे ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ या नावाने होतं. सुमारे ४८ हजार टनांचं. सिंगापूरहून निघणारं ‘जेंटिंग ड्रीम’ दीड लाख टनांचं, तर डिस्नेने सिंगापूरसाठी घेतलेलं ‘डिस्ने अ‍ॅडव्हेंचर’ दोन लाखांच्या वर. हे टन वजनाचे नव्हेत, आतल्या जागेच्या मापाचे आहेत. म्हणजे फरक फिरायच्या जागेचा आहे, आणि चालायला नुकतंच शिकलेल्या मुलाला त्याच्याइतकं दुसरं काही लागत नाही. एम्प्रेसवर खोल्या लहान, बाल्कनीच्या तर फारच थोड्या. पण त्याच्या बाजूनेही बोलायला हवं : पासपोर्ट नको, विमान नको, घड्याळ बदलत नाही, पोर रडली तर कुणाशी हिंदीत बोलता येतं आणि वरण-भात मागायला लाज वाटत नाही. दुपारी चढायचं असतं. घोडबंदरचा जॅम धरून सकाळीच निघा. फ्रीवेने उतरलं की बॅलार्ड पिअर जवळच आहे, मुलं गाडीत झोपू द्या. धक्क्यावरच्या रांगेत ती झोपेतून उठलेली हवीत. झोपेला आलेली नकोत.

याच जहाजाची लक्षद्वीपची फेरी मात्र या वर्षी सोडा. तिथे जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्याला न्यावं लागतं. माझी आई मला सात महिन्यांची घेऊन भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने रत्नागिरीला गेली होती. बोट समुद्रात, खाली हेलकावणारा पडाव, आणि वरून खलाशाने मला ‘धरा हो बाय’ म्हणत खालच्या माणसाच्या हातात दिलं, ही गोष्ट ती मरेपर्यंत सांगायची. आता जाकिटं असतात, शिडी असते, हात धरणारे चौघे असतात. तरी बावीस महिन्यांची मुलगी काखेत, साडेचार वर्षांचा मुलगा हाताला आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई मागे, ही कसरत पैसे देऊन कशाला करायची? सरळ धक्क्याला लागणारी बंदरं निवडा.

सिंगापूर ठरलं तर मार्ग बघून घ्या. पेनांग किंवा पोर्ट क्लांगला जाणारी जहाजं मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातात. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलाया, मध्ये समुद्र पाळण्यात घातल्यासारखा. नोव्हेंबरनंतर ईशान्येचे वारे सुरू झाले की दक्षिण चीन समुद्राच्या बाजूला लाटा वाढतात. तेव्हा व्हिएतनामकडच्या फेऱ्या लहान मुलांसह टाळा. त्या दिवसांत सिंगापूरला पाऊसही असतो, म्हणून जहाजावर छपराखाली मुलांना पळायला जागा हवी. तेही विचारा.

आणि घड्याळ. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास. जहाजावर जेवणाच्या दोन पाळ्या असतात आणि एजंट लहान मुलं आहेत म्हणून हमखास पहिली पाळी घेऊन देतो. पहिली पाळी साधारण पावणेसहाची. तेव्हा ठाण्यात सव्वातीन वाजलेले असतात. तुमची मुलं दुपारच्या झोपेतून उठायची असतील, जेवतील कशाला! घरी साडेसातला जेवणारं मूल तिथल्या दहाला जेवतं. तीन रात्रींसाठी मुलांचं घड्याळ बदलायच्या फंदात पडू नका, दुसरी पाळी घ्या आणि सकाळी उशिरा उठा. नातीच्या वेळी हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. पहिल्या रात्री आम्ही पांढऱ्या टेबलक्लॉथवर एका पेंगलेल्या पोरीला डाळ-भात भरवत बसलो होतो आणि ती प्रत्येक घास नॅपकिनवर परत करत होती.

खोलीबद्दल थोडं. साधी खोली म्हणजे दहा बाय सोळा-सतराची, त्यातच न्हाणीघर. बाळाचा घडीचा पाळणा फुकट मिळतो, पण आधी मागावा लागतो आणि बुकिंगच्या कागदावर तो लिहिलेला दिसला पाहिजे. आमच्याकडे तो फोनवर सांगितलेला होता, कागदावर नव्हता. जहाजावर गेलो तर पाळणे संपलेले. लेकीने दोन्ही पलंग जोडून कडेला टॉवेलांच्या वळकट्या लावल्या आणि तीन रात्री एका कुशीवर काढल्या. पाळणा मिळाला तर तो मांडल्यावर कपाटाचं दार उघडत नाही. तेव्हा रात्रीचे कपडे आणि डायपर आधी बाहेर काढा, मग पाळणा मांडा. न्हाणीघराला उंबरठा असतो, आपल्या जुन्या घरांसारखा. दुडक्या चालीचं मूल तिथे दिवसातून चार वेळा ठेचकाळतं. पहिल्या संध्याकाळी तिथे एक टॉवेल गुंडाळून ठेवा. दारं जड असतात आणि आपोआप मिटतात, बोटं सांभाळा. खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथे डुलणं कमी. बाल्कनी हवी असेल तर घ्या, पण तिथल्या खुर्च्या कठड्यापासून लांब सारून ठेवायला सांगा. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, खुर्ची कशी ओढायची हे त्याला कळतं.

सुटायच्या आधी सुरक्षेची कवायत होते, ती चुकवता येत नाही. पोरगी तेव्हा झोपलेली असली तरी उचलून जा. तिच्या मापाचं जीवरक्षक जाकीट पहिल्याच तासाला खोली सांभाळणाऱ्या माणसाकडून मागून घ्या. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पंधरा किलोंखालच्या मुलांचं जाकीट वेगळं असतं आणि चोवीस तासांहून मोठ्या फेरीत प्रत्येक तान्ह्यासाठी ते जहाजावर असावंच लागतं. आपल्या मुलीला ते एकदा घालून बघा. रडेल, पण पट्टा कुठे अडकतो ते तुम्हाला कळेल.

कागदांचं एकच सांगते, कारण तिथे वेळ जातो. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. तुमच्या मुलीचा दाखला आजच कपाटातून काढा आणि त्यावर तिचं नाव आहे का बघा. आपल्याकडे प्रसूतीनंतर लगेच नोंद होते, बारसं नंतर, आणि दाखल्यावर नावाची जागा कोरीच राहून जाते. नसेल तर आधी महापालिकेत नाव चढवून घ्या. सिंगापूरचा व्हिसा पुन्हा आत येण्याची मुभा असलेला हवा. जहाज बाहेर जाऊन परत तिथेच येतं.

तर निकाल. तुमच्या जागी मी असते तर सिंगापूर, तीन रात्री. बावीस महिन्यांची मुलगी विमानात मांडीवर बसते, तिचं तिकीट स्वस्त पडतं, दोन वर्षं झाली की पूर्ण जागा घ्यावी लागते. पाळणाघर आणि तिच्यासाठी पाणी हवं असेल तर डिस्ने. खिसा जपायचा असेल आणि सासूबाई कांदा-लसणाच्या बाबतीत कडक असतील तर जेंटिंग ड्रीमची पेनांगच्या बाजूची फेरी. तिथे भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय चांगली आहे. पण पासपोर्ट वेळेत झाले नाहीत तर धावपळ करू नका. नवऱ्याचं ऐका, गोव्याला जा. तेवढ्याने घरात शांतताही नांदेल.

प्रश्न : नातू अकरा महिन्यांचा आहे. सून म्हणते, छोटा इलेक्ट्रिक कुकर नेऊ आणि खोलीतच मुगाची खिचडी लावू. चिरंजीव म्हणतात चालतं. मला शंका आहे. — आजोबा, खारघर

उत्तर : आजोबा, तुमची शंका बरोबर. तापणारी कुठलीच वस्तू खोलीत चालत नाही : कुकर, इंडक्शन, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड. समुद्रावर सगळ्यात मोठी भीती पाण्याची वाटते, पण जहाजवाले आगीला घाबरतात. एका गटात आमच्याबरोबर डोंबिवलीच्या एक काकू होत्या. त्यांचा कुकर सामानाच्या तपासणीत निघाला. त्याला चिठ्ठी बांधून ठेवून घेतला आणि शेवटच्या दिवशी परत दिला. परत घ्यायला गेलो तर मोठ्या टेबलावर तसली किती यंत्रं मांडलेली! इस्त्र्या, रॉड, एक सँडविच टोस्टर, आणि एक भलामोठा कोयता, तो कुणी नारळासाठी आणला होता देव जाणे. काकूंनी कुकर उघडून पाहिला. आतले मूग-तांदूळ जसेच्या तसे होते.

घरी शिजवलेलं अन्न बऱ्याच कंपन्या आत नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातलं बाळाचं अन्न आणि दुधाची पावडर मात्र चालते. नाचणीचं सत्त्व नेणार असाल तर सीलबंद पाकीट घ्या. घरचं, जुन्या बोर्नव्हिटाच्या डब्यातलं नको. गरम पाणी बुफेच्या चहाच्या यंत्रावर चोवीस तास मिळतं. रुंद तोंडाचा थर्मास बरोबर ठेवा. खिचडीचं म्हणाल तर पहिल्या रात्री जेवण वाढणाऱ्या मुख्य माणसाला भेटा आणि सांगा : मऊ भात, बिनतिखटाची डाळ, थोडं तूप, रोज याच वेळी. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बसायच्या आत वाटी येते. सूनबाईंना सांगा, नेहमीच्या बाटल्या आणि डायपर घरूनच मोजून आणि वर एक दिवसाचे जास्त न्यावेत. जहाजावरच्या दुकानात मिळाले तर भाव ऐकून तोंड कडू होतं.

आणि नातवाचे हात साबणाने धुवा, नुसतं सॅनिटायझर पुसू नका. जहाजांवर उलट्या-जुलाबाची जी साथ येते, त्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा इलाज चालत नाही.

प्रश्न : मला पाचवा महिना आहे आणि मुलगा अडीच वर्षांचा. पुढच्या महिन्याच्या शेवटी चार रात्रींची क्रूझ बुक करतोय. हरकत नाही ना? — ऐरोली

उत्तर : हरकत आहे. जवळजवळ सगळ्या मोठ्या कंपन्या चोविसाव्या आठवड्यात पोचलेल्या बाईला घेत नाहीत, आणि हे आठवडे परतीच्या दिवशी किती भरतात ते बघतात. पाचवा महिना आज असेल तर पुढच्या महिन्याअखेरीस तुम्ही बहुधा ती रेघ ओलांडलेली असाल. डॉक्टरांकडून आठवडे लिहून घ्या आणि तारीख अलीकडे घेता येते का बघा. नाही आली तर बाळंतपणानंतर बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर जा. तोवर मोठा मुलगा क्लबात जायच्या वयाचा झालेला असेल, हाही फायदाच.

प्रश्न : लग्नाच्या वाढदिवसाला सासऱ्यांनी दोन रात्रींची गोवा क्रूझ भेट द्यायचं ठरवलंय. बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं. मला लहानपणापासून बोट लागते, बाळालाही लागेल का? — कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि तारीख पुढे ढकलायला सांगा. बहुतेक कंपन्यांत कमीत कमी वय सहा महिने आहे आणि ते चढायच्या दिवशी भरलेलं लागतं. लांब महासागर ओलांडणाऱ्या फेऱ्यांना तर बारा महिने. जहाजावर डॉक्टर असतो, पण बालरोगतज्ज्ञ नसतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर समुद्राच्या मधोमध कुणाचं तोंड बघणार?

बाळाला बोट लागायची भीती सोडा. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सहसा लागत नाही. ते दुखणं पुढे, शाळेच्या वयात जोर धरतं. लागेल ती तुम्हाला, आणि तुम्ही आडव्या झालात तर बाळाला घेणार कोण, हा खरा प्रश्न. अंगावर पाजता आहात, तेव्हा गोळी आपल्या मनाने घेऊ नका. कुठली चालेल ते बाळाच्या आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि बाळाला तर कुणाच्याही सांगण्यावरून देऊ नका. प्रवासात सर्रास दिलं जाणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नसतं, त्याने श्वास मंदावू शकतो.

तोवर एक रंगीत तालीम करा. बाळ सहा महिन्यांचं झालं की एखाद्या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोने जा. तासाभराचा प्रवास, बाळाला दूध पाजायला आडोसा मिळतो, आणि तासाभरात तुमच्या पोटाचं उत्तर कळतं. स्वतःची गाडी बोटीवर चढवून न्या. पोटाने नको म्हटलं तर परत येताना बोटीचं तिकीट न काढता पेण-पनवेलच्या रस्त्याने घरी या, आणि सासऱ्यांना सांगा की दोन रात्री अलिबागलाच देऊन टाका.